रंग कपाटात होता

आमच्या घरात रंगांची वानवा कधीच नव्हती. ते सगळे घड्या घालून कपाटात ठेवलेले होते, एवढंच. गर्द चादरी, ओढण्या, कुणीतरी भेट दिलेले आणि 'फारच भडक आहेत बाई' म्हणून पिशवीतून बाहेरच न काढलेले अभ्रे. कपाटाचं दार उघडलं की डोळे दिपायचे, आणि बंद केलं की पुन्हा तेच: मोतिया भिंती, बदामी सोफा, क्रीम पडदे, खाली राखाडी गालिचा.

यातली एकही वस्तू वाईट नव्हती. पण एकही आवडली म्हणून घेतलेली नव्हती. सोफा घेतला तेव्हा पडदे कोणते येणार ते माहीत नव्हतं, पडदे घेतले तेव्हा भिंतींचं ठरत नव्हतं, म्हणून दर वेळी 'हा कशावरही जाईल' असा रंग उचलला गेला. कशावरही जाणाऱ्या वस्तू एका खोलीत जमल्या की त्यांना जायला काही उरतच नाही.

त्या वर्षी घराला नव्याने रंग काढणं परवडणारं नव्हतं. मोतिया बघून जीव मात्र विटला होता. म्हणून मी एक क्रम ठरवला. जे उचलून दुसरीकडे ठेवता येतं ते आधी. जे काढून, रंगवून परत लावता येतं ते नंतर. आणि भिंत सगळ्यात शेवटी, तीही गरज उरली तर. यात काटकसर होतीच, पण हिशेब दुसराही होता. अभ्रा आवडला नाही तर कपाटात परत जातो. भिंत आवडली नाही तर ती तिथेच उभी राहते आणि रोज सकाळी आपल्याकडे बघते.

सुरुवात मुलीने करून दिली, ती चित्रं काढते म्हणून. "आई, रंग राहू दे, आधी खोलीचा फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ." केला. फोटोत सोफा, भिंत, पडदे आणि गालिचा सगळे जवळपास एकाच करड्या छटेचे दिसत होते. कुठे काय संपतं आणि काय सुरू होतं ते सोफ्याच्या सावलीवरूनच कळत होतं. ठळक दिसणारी गोष्ट एकच, टीव्हीचा काळा चौकोन. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस बंद टीव्हीकडे बघत का बसतो, हे मला त्या दिवशी समजलं. नजर जिथे सगळ्यात जास्त फरक असतो तिथे जाते.

रंग म्हटलं की आपण लाल, निळा, हिरवा याचाच विचार करतो. पण खोली मिळमिळीत वाटते ती बरेचदा गडद-फिक्याचा फरक नसल्यामुळे. फिका गुलाबी, फिका निळा आणि फिका पिवळा एकत्र ठेवले तरी काळ्या-पांढऱ्या फोटोत ते एकच दिसतात. रंग कंपन्यांच्या शेडकार्डवर बऱ्याचदा छटेच्या नावाखाली किंवा मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो. त्या रंगावर पडलेल्या प्रकाशातला किती भाग परत येतो, ते तो सांगतो. शून्य म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. माझ्या पाहण्यात रंग घेताना कुणी हा आकडा बघत नाही. मी मात्र तेव्हापासून नाव नंतर आणि आकडा आधी वाचते, कारण छटांची नावं इतकी गोड असतात की माणूस नावालाच भुलतो.

मग दिव्यांकडे वळले. बैठकीत पांढरेशुभ्र एलईडी होते, खोक्यावर ६५०० के (म्हणजे केल्विन) लिहिलेले. हा आकडा प्रकाशाचा कल सांगतो. २७०० म्हणजे पिवळसर, उबदार. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे निळसर, ढगाळ दिवसाच्या उजेडासारखा. निळसर प्रकाशात केशरी, विटकरी, डाळिंबी हे सगळे रंग मलूल पडतात, आणि माझ्या कपाटातले निम्मे रंग याच घराण्यातले. खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप. साधे घरगुती दिवे ८० च्या आसपास असतात. ९० किंवा त्यावरचा घेतला तर लाल रंगात विशेष फरक जाणवतो. मी सगळे दिवे बदलले नाहीत. सोफ्याजवळचे तेवढे उबदार आणि चांगल्या सीआरआयचे घेतले. वाचायच्या टेबलावरचा ४००० के ठेवला. संध्याकाळी तोच बदामी सोफा, आयुष्यात पहिल्यांदा, बदामी दिसला.

त्याच सुमारास खिडक्यांच्या काचा घासल्या आणि पडद्याची दांडी बदलून चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे जाईल अशी लावली. आता पडदे बाजूला सारले की ते भिंतीवर जातात, काचेवर लोंबत नाहीत. खोलीत येणारा उजेड एवढ्याने वाढला. या कामाला कुणी सजावट म्हणणार नाही, पण उजेड नसेल तर पुढचं सगळं अंधारात रंग लावण्यासारखं.

आता सासूबाईंच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्या डोळ्यांनी घेतले.

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. एक दिवस त्या पडद्यासमोर उभ्या राहून आळीपाळीने एकेक डोळा मिटत होत्या. मी विचारलं, "आई, काही टोचतंय का?" तर म्हणाल्या, "अगं नाही गं, गंमत बघतेय. या डोळ्याला पडदा पांढरा दिसतो आणि या डोळ्याला पिवळट. खरा कोणता?"

यामागचं कारण सरळ आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की कळतच नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि निळा रंग एकदम परत येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं असं ऑपरेशन १९२३ साली झालं होतं, आणि त्याआधी त्यांच्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग वाढत गेले होते. आमच्या घरी कुणी मोने नव्हतं, पण एकाच माणसाकडे दोन वयांचे डोळे होते. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. कोणतीही छटा आणली की, "आई, जरा बघता का?" त्या आधी हा डोळा, मग तो डोळा करून निकाल द्यायच्या. गर्द निळी उशी जुन्या डोळ्याला चक्क काळी दिसायची. पोपटी आणि पिवळा त्यांना एकाच पंगतीतले वाटायचे. विटकरी आणि केशरी मात्र दोन्ही डोळ्यांना पास.

यातून एक कामाची गोष्ट सुचली. बैठकीतून मागच्या खोलीत जाताना एक छोटी पायरी आहे, आणि पायरी व फरशी एकाच रंगाची. तिथे त्या अडखळायच्या. दृष्टी कमी असलेल्यांसाठी लगतच्या दोन पृष्ठभागांत एलआरव्हीचा ३० अंकांचा फरक असावा, असं ब्रिटनमधल्या बांधकामाच्या मानकांत सुचवलेलं आहे. आम्ही पायरीच्या कडेला गर्द विटकरी रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवली. दिसायलाही बरी दिसते. घरातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात उपयोगी रंग तोच असावा.

दिवे झाले, उजेड झाला, मग कपाट रिकामं केलं. सगळं कापड पलंगावर पसरलं आणि ढीग लावले. नावाप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे म्हणा: गर्द, मध्यम, फिके. गर्द ढिगातली मोरपंखी चादर सोफ्याच्या पाठीवर टाकली. डाळिंबी ओढणीचे दोन अभ्रे शिवले. एक जुना हळदी रंगाचा टेबलक्लॉथ कापून दाराजवळच्या बाकासाठी खोळ केली. लगेच शिवायला मात्र बसले नव्हते. आधी कापड नुसतंच सुरकुत्या पाडून, टाचण्या लावून जागेवर ठेवलं आणि घरात वावरत राहिले. सकाळी, भर दुपारी, दिवे लावल्यावर. काही रंग दिवसा शोभले आणि रात्री बेरंग झाले. दोन कापडं तर अशी निघाली की दिवसा त्यांची छटा तंतोतंत जुळायची आणि दिव्याखाली एक हिरवट, दुसरं करडं दिसायचं. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या कापडांचं असं होतं. म्हणून कापड जुळवायचं असेल तर ते ज्या उजेडात राहणार आहे त्याच उजेडात जुळवावं.

दिवेलागणीच्या आधीचा उजेड आणखी वेगळा. त्या वेळी डाळिंबी उशी काळवंडते आणि शेजारची निळी मात्र उजळ भासते. डोळ्याच्या या सवयीची नोंद चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवली आहे. कमी प्रकाशात डोळ्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी काम करायला लागतात आणि त्यांना लाल फारसा दिसत नाही. ज्या घरात लोक संध्याकाळी गच्च दिवे न लावता बसतात, तिथे नुसत्या लालावर भिस्त ठेवू नये, हे मी यावरून घेतलं.

शेजाराचा परिणाम याहून मोठा. मोरपंखी चादर बदामी सोफ्यावर टाकली तेव्हा सोफा एकदम तांबूस झाल्याचा भास झाला. नवऱ्याने तर विचारलं, "सोफा धुतलास का?" सोफ्याला कुणी हात लावला नव्हता. फ्रान्समध्ये गोबलां नावाच्या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख होते. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर रंगात दोष निघाला नाही. दोष होता शेजारच्या धाग्याच्या रंगाचा. दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, हा निष्कर्ष त्यांनी १८३९ साली सविस्तर मांडला. गरिबाघरी याचा उपयोग फार मोठा: जी वस्तू बदलणं परवडत नाही, तिचा शेजारी बदलावा. पिवळट पडलेली पांढरी भिंत नको वाटत असेल तर तिच्यापुढे शुभ्र पांढरं काही ठेवू नये, ती आणखी मळकट दिसते. गर्द काही ठेवावं.

सजावटीबद्दल वाचायला गेलं की ६०-३०-१० हा नियम सगळीकडे भेटतो. खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के ठसठशीत. अंदाज म्हणून ठीक आहे, पण टक्के मोजत कुणी घर लावत नाही. माझा अनुभव असा की ठसठशीत रंग एकाच जागी आला तर तो चुकून तिथे राहिल्यासारखा दिसतो. तोच रंग खोलीत आणखी दोन ठिकाणी, वेगळ्या उंचीवर आणि कमीजास्त आकारात आला की तो तिथलाच वाटतो. डाळिंबी मी अभ्र्यात, एका फोटोच्या चौकटीत आणि टेबललॅम्पच्या वायरीत आणला. हो, वायरीत. कापडी वेष्टनाची वायर मिळते, आणि वायर कितीही लपवली तरी दिसतेच, तर मग दिसू दे.

यानंतर पडदे. ते क्रीम होते, कापड जाडजूड आणि चांगलं, टाकवत नव्हते. म्हणून घरीच रंगवायचे ठरवले. या कामात मला सगळ्यात मजा आली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न कापड कशाचं आहे हा. आतल्या शिवणीतून चार धागे काढून चिमट्यात धरले आणि मोरीत जाळून बघितले. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि कडक मणी होतो. आमचे पडदे सुती निघाले. पॉलिएस्टर असते तर बेत रद्द केला असता, कारण त्याला वेगळ्या जातीचा रंग आणि खूप जास्त उष्णता लागते, घरच्या बादलीत ते होत नाही.

सुती कापडासाठी रिॲक्टिव्ह रंग घेतले. हे रंग १९५६ साली ब्रिटनमधून पहिल्यांदा बाजारात आले. यांची खुबी अशी की ते धाग्याला नुसते चिकटत नाहीत, त्याच्याशी रासायनिक बंध करतात, आणि तेही उकळत्या पाण्याशिवाय. कोमट पाणी पुरतं. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं आणि नंतर घातलेला धुण्याचा सोडा तो बंध घडवतो. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, त्याची ताकद पुरत नाही.

रंग किती घ्यायचा हे पाण्यावर नसून कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतं. गर्द छटेसाठी वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के. म्हणून पडदे आधी वजनकाट्यावर चढले. त्याही आधी ते गरम पाण्यात साबण घालून धुतले, कारण खळ किंवा तेलकटपणा राहिला तर तिथे रंग बसत नाही आणि ढग उमटतात. रंगाची पूड कालवताना तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेतच. ती पूड श्वासात जाणं चांगलं नाही. या कामाची बादली, चमचे, मापं स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत, हा नियम मी दारावर चिकटवला होता.

पडदे ओले करून, पिळून, मगच रंगाच्या पाण्यात सोडले. पहिला अर्धा तास हात थांबू द्यायचा नाही. सारखं वरखाली, उलटसुलट. नवरा आणि मी आलटून पालटून ढवळत होतो. सासूबाई खुर्चीवर बसून, "तो कोपरा वर राहतोय, बुडवा तो," असं बजावत होत्या. मग सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला धरून घातला. थेट कापडावर पडला तर डाग पडतो. पुन्हा ढवळणं. शेवटी गार पाण्यात खळबळणं, मग गरम पाण्यात, मग पुन्हा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. हा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे, कारण थोडा रंग पाण्याशीच बंध करून वाया गेलेला असतो. तो निघाला नाही तर पुढच्या धुण्यात सगळ्या घराचे कपडे रंगतील.

आम्ही निळा घातला होता आणि पडदे हिरवटाकडे झुकलेले निळे झाले. ते अपेक्षितच होतं. कापडाचा रंग काचेसारखा पारदर्शक असतो, खालचा क्रीममधला पिवळा त्यात मिसळणारच. म्हणून एका चिंधीवर आधी करून बघितलं होतं. ओलं कापड वाळल्यापेक्षा कितीतरी गर्द दिसतं, हेही त्या चिंधीनेच सांगितलं. अनपेक्षित निघाली ती शिलाई. पडदे सुती, पण शिवायचा दोरा पॉलिएस्टरचा. त्याने रंग घेतलाच नाही. सगळ्या कडांवर क्रीम रंगाची टाक्यांची बारीक रेघ तशीच राहिली. मुलगी म्हणाली, "मुद्दाम केलंय असंच सांग सगळ्यांना." सांगायची वेळ आली नाही, लोकच विचारतात की हे शिवून कुठे घेतलं.

एवढं झाल्यावर रंगाचा डबा उघडायला हरकत नव्हती. पण भिंतीचा नव्हे. पुस्तकांच्या उघड्या मांडणीची पाठ रंगवायची होती. पुस्तकं, डब्या, फोटो पुढे आले की मागे रंग बोटभरच दिसतो, पण खोल दिसतो, आणि लागतो अगदी थोडा. पाण्यातला ॲक्रिलिक इमल्शन रंग एका लिटरमध्ये, एका हाताला, साधारण १० ते १२ चौरस मीटर भागवतो. मांडणीच्या पाठीला नमुन्याचा छोटा डबा पुरून उरला.

लाकडावर जुना तेलरंग होता. त्यावर पाण्याचा रंग तसाच लावला तर नखाने सोलून निघतो. आधी घासून चमक मारायची, पुसायचं, प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा हात द्यायचा, मग रंग. इथे एक सावधगिरी. फार जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. आता बऱ्याच देशांत रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, पण जुने थर तेव्हाचेच. घर जुनं असेल तर कोरडं घासून धूळ उडवू नये. शिसं निघण्याची शंका असेल तर तपासून घेईपर्यंत तिकडे हातच लावू नये, विशेषतः लहान मुलं असतील तर. आमची मांडणी त्या मानाने अलीकडची होती. तरी पॉलिश पेपर ओला करूनच घासला.

पाठीला गर्द शेवाळी दिला. त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने बैठकीच्या दाराची फक्त कड रंगवली, दार उघडं असतानाच दिसते ती. दार बंद असेल तर कुणाला पत्ता नाही. असे छोटे, बिनगरजेचे रंग मला फार आवडतात. कपाटाच्या खणाचा आतला भाग, खुर्चीचे दोनच पाय, खिडकीच्या चौकटीची आतली बाजू. रंग थोडाच लागतो आणि रोज कधीतरी अचानक समोर येतो.

खरं तर इथे थांबले असते तरी चाललं असतं. बैठक पुरेशी बोलकी झाली होती. पण आत जाणारा बोळ तसाच होता, अरुंद आणि खिडकी नसलेला, आणि बैठक उजळल्यामुळे आणखीच केविलवाणा दिसायला लागला होता. पुन्हा शेजाराचाच परिणाम. बोळाच्या टोकाची भिंत पिवळी करायची ठरली. दोन्ही बाजूच्या नाहीत, फक्त समोरची.

शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावरून भिंत ठरवू नये. भिंतीवर रंग नेहमी जास्त तीव्र होतो, कारण एका भिंतीवरून उडालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतो आणि दर फेरीत रंग गोळा करतो. अरुंद बोळात तर जास्तच. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या मवाळ घ्यावी. मी जाड पुठ्ठ्यांवर छटांचे दोन-दोन हात देऊन नमुने केले, चारी बाजूंना पांढरी समास सोडून. समास नसेल तर जुन्या भिंतीचा रंग नव्या छटेला बिघडवतो. ते पुठ्ठे बोळात चिकटवले, आणि सासूबाईंनी दोन्ही डोळ्यांनी तपासणी केली. लिंबू रंग जुन्या डोळ्याला पांढऱ्यातच जमा झाला. हळदीकडे झुकणारा दोन्हींकडून पास झाला.

पिवळ्या रंगाची एक खोड आहे. तो झाकत नाही. चमकदार पिवळी आणि लाल रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात, खालचं सगळं वर डोकावतं. पिवळ्याचा पहिला हात दिला तेव्हा भिंतीच्या अंगावर नागीण उठल्यासारखं दिसत होतं. नवरा धास्तावला, "रंगारी बोलवायचा का?" नको होता. हे ठाऊक असल्याने खाली पांढऱ्या प्रायमरचा हात दिलेलाच होता, तरी तीन हात लागले. गर्द लालाखाली करडं प्रायमर देतात तेही याचसाठी. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. घाई केली की रोलर खालचा ओलसर थर उचलतो. इमल्शन वाळताना थोडं गर्द होतं, कारण ओल्या रंगातला दुधट अंश वाळल्यावर स्वच्छ होतो. म्हणून ओली भिंत बघून "फिका झाला" असं म्हणू नये. कडेची चिकटपट्टी रंग पूर्ण वाळायच्या आत, तिरकी ओढून काढली. सुकल्यावर काढली की रंगाचे कपचे सोबत येतात.

फिनिश मॅट घेतला. चमकदार रंग पुसायला सोपा, पण भिंतीतला प्रत्येक खड्डा आणि पुट्टीची प्रत्येक रेघ दाखवतो. आमची भिंत दाखवण्यासारखी नाही.

उरलेला रंग झाकण घट्ट लागेल अशा छोट्या काचेच्या बरणीत भरला, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात तो लवकर वाळतो. बरणीवर छटेचा क्रमांक, खोली आणि महिना लिहिला. बॅच क्रमांकही लिहून ठेवला. एकाच छटेच्या दोन बॅचमध्ये किंचित फरक निघू शकतो, म्हणून मोठी भिंत असेल तर सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करून घेतात.

दरम्यान सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. पडद्यांपाशी थांबल्या. "हे एवढे निळे आहेत होय? मला वाटलं हिरवे केलेत." बोळातल्या पिवळ्याबद्दल त्यांचं मत आता बदललं आहे, तो त्यांना थोडा थंड वाटतो. मी त्यांना सांगितलं की आता भिंत पुन्हा रंगवणार नाही, फार तर तिथला दिवा २७०० चा लावते. त्यावर त्या म्हणाल्या, "लाव, आणि माझ्या खोलीच्या छताचं काय ते बघ. पडल्यापडल्या मला तेच तर दिसतं." छतासाठी तीन पुठ्ठे तयार आहेत. ते वर चिकटून राहत नाहीत, ही सध्याची अडचण.